किमामा: मास्क आणि मुसकं

मळणीला बैल जुंपले की त्यांनी धान्याला तोंड लावू नये म्हणून त्यांच्या तोंडाला दोरीच्या जाळीचं मुसकं बांधतात. अरबीत अशा मुसक्याला 'किमामा' म्हणतात. मार्च २०२० पासून मोरोक्को ते ओमानपर्यंतच्या माणसांनी नाकातोंडावर जी पट्टी चढवली, तिलाही अरबीत किमामाच म्हणतात. 'तकमीम अल-अफवाह', म्हणजे तोंडांना मुसकी बांधणं, हा सेन्सॉरशिपसाठीचा वाक्प्रचार अरबी वर्तमानपत्रांत कधीचाच रुळलेला होता. त्यामुळे साथ आली तेव्हा तिथल्या व्यंगचित्रकारांना श्लेष शोधत फिरावं लागलं नाही. तो प्रत्येक घरात दाराजवळच्या खुंटीला टांगलेला होता.

यातला 'अफवाह' हा शब्द आपल्याही घरातला आहे. अरबीत त्याचा अर्थ 'तोंडं'. तोंडातून तोंडात जाते ती बातमी म्हणून फारसीच्या वाटेने तो मराठीत आला आणि 'अफवा' झाला. 'मस्करी'चंही तसंच. तिचं मूळ अरबी 'मस्खरा', आणि कैरोत आजही चेष्टेला मस्खराच म्हणतात. हसण्याचा आणि तोंडाचा हा व्यवहार दोन भाषांत इतका जुना आहे, म्हणून अरबी व्यंगचित्रांचं हे पुस्तक मराठीत आणताना मला परक्या मुलखात गेल्यासारखं वाटलं नाही.

मोरोक्कोत किमामाचा श्लेष थेट राजकारणात उतरला. सरकारने ७ एप्रिल २०२० पासून मास्क सक्तीचा केला आणि एका मास्कची किंमत ८० सेंटीम ठरवून दिली. त्याच महिन्याच्या अखेरीस २२.२० या क्रमांकाच्या विधेयकाचा मसुदा फुटला. समाजमाध्यमांवरच्या खोट्या बातम्या, म्हणजे अफवा, थांबवणं हा त्याचा सांगितलेला हेतू. पण एखाद्या मालावर बहिष्कार घालण्याची हाक देणाऱ्यालाही त्यात तुरुंगवास होता. दोनच वर्षांपूर्वी, २०१८ मध्ये, मोरोक्कोच्या लोकांनी दूध, बाटलीबंद पाणी आणि पेट्रोल विकणाऱ्या बड्या कंपन्यांवर बहिष्कार टाकून त्यांना घाम फोडला होता. कलम कुणासाठी लिहिलं आहे हे कुणाला समजावून सांगावं लागलं नाही. विधेयकाला नाव पडलं 'किमामाचा कायदा'. मे महिन्याच्या सुरुवातीलाच सरकारने ते बाजूला ठेवलं. निषेधाची पत्रकं निघाली, सह्या झाल्या, तरी माझ्या मते अर्धं काम त्या नावानेच केलं. कायद्याची कलमं वाचणारे थोडे असतात. नाव मात्र मासळीबाजारातही पोचतं.

या विषयाकडे मी वळलो तो अभ्यासक म्हणून नव्हे. रत्नागिरीत आमच्या शेजारचा एकजण वीसेक वर्षं कुवेतमध्ये सुतारकाम करतो. कोकणातल्या कितीतरी घरांतलं एखादं माणूस असं आखातात असतं. शुक्रवारी, १३ मार्च २०२० रोजी, त्याने मला एक आवाजाची फीत पाठवली. कुवेतच्या मशिदीतली अजान होती. 'नमाजासाठी या' या शब्दांच्या जागी मुअज्जिन म्हणत होता, 'अस्सलातु फी बुयूतिकुम', तुमच्या घरीच नमाज पढा. मुसळधार पावसात किंवा कडाक्याच्या थंडीत असं म्हणण्याची परंपरा फार जुनी आहे, पण हयात असलेल्या बहुतेकांनी ते शब्द पहिल्यांदाच ऐकले असावेत. म्हणताना त्या माणसाचा आवाज कापत होता. त्याच रात्री, त्याच फोनवर, शेजाऱ्याने एक व्यंगचित्र पाठवलं आणि खाली लिहिलं, "दादा, अर्थ सांगतो, पण हसू येईल की नाही माहीत नाही."

मला हसू आलं, आणि त्यानंतर बराच वेळ मी त्या चित्राकडे पाहत राहिलो. रडू आणि हसू इतक्या जवळजवळ कसे राहतात, हा प्रश्न तेव्हापासून माझ्याबरोबर आहे. अरबांनी त्याला फार पूर्वीच एक म्हण दिली आहे: 'शर्र अल-बलिय्या मा युदहिक', सर्वांत वाईट संकट ते, जे हसवतं. दमास्कसमध्ये १९२९ साली हबीब कहाला यांनी काढलेल्या व्यंगसाप्ताहिकाचं नावच 'अल-मुदहिक अल-मुबकी' होतं, म्हणजे 'हसवणारा-रडवणारा'. ते १९६६ मध्ये बंद पडलं.

साथ आली तेव्हा अरब देश काय करत होते, हे ठाऊक नसेल तर पुढच्या पानांवरची चित्रं अर्धीच दिसतील. २०१९ हे वर्ष तिथे रस्त्यांवर गेलं होतं. अल्जीरियात २२ फेब्रुवारी २०१९ पासून दर शुक्रवारी लाखो माणसं मोर्च्याला निघत होती. इराकमध्ये १ ऑक्टोबरपासून आणि लेबनॉनमध्ये १७ ऑक्टोबरपासून चौक भरलेले होते. बगदादच्या तहरीर चौकात जखमी पोरांना दवाखान्यात पोचवण्याचं काम रिक्षावाल्यांनी केलं, म्हणून तिथल्या आंदोलकांनी आपल्या वर्तमानपत्राला नाव दिलं 'तुकतुक'. त्याआधी जानेवारी २०११ मध्ये, इजिप्तच्या क्रांतीच्या दोन आठवडे आधी, कैरोत तरुण चित्रकारांनी काढलेल्या कॉमिक्सच्या अंकाचं नावही 'तोक तोक'च होतं. या शहरांच्या गल्ल्यांतून धावणाऱ्या तीनचाकींत बजाजच्या रिक्षा मोठ्या संख्येने आहेत, आपल्या महाराष्ट्रात तयार झालेल्या. अरबी व्यंगाच्या अलीकडच्या इतिहासात असं एक मराठी चाक आहे, याचा मला आनंद वाटतो.

मार्च २०२० मध्ये हे सगळे रस्ते एकदम रिकामे झाले. वर्षभराहून अधिक काळ एकही शुक्रवार न चुकवलेल्या अल्जीरियन लोकांनी आपणहून मोर्चे थांबवले, कारण गर्दीने माणसं मेली असती. जे काम बंदुका आणि पाण्याचे फवारे करू शकले नव्हते ते एका विषाणूने केलं, आणि सत्ताधाऱ्यांना नेमकं तेच हवं होतं. त्या महिन्यांतली कितीतरी चित्रं या एका कोंडीतून निघाली आहेत. खुर्चीवर बसलेला राजा आणि डोक्यावर मुकुट असलेला विषाणू यांची गळाभेट, हा विषय वेगवेगळ्या हातांनी पुन्हा पुन्हा काढला. 'कोरोना' म्हणजे मुकुट, तेव्हा चित्रकारांना आयतं नेपथ्य मिळालं. इथे हसणाऱ्याला ठाऊक आहे की घरात बसणं बरोबरच आहे. आपण घरात बसलो म्हणून कोण सुखावलं, हेही त्याला ठाऊक आहे. असं दुहेरी ज्ञान असलेलं हसू मला फार मोलाचं वाटतं.

रोगराई आणि विनोद यांची अरबीतली सोयरीक २०२० ची नाही. अकराव्या शतकातला इब्न बुतलान हा बगदादचा ख्रिस्ती वैद्य. त्याने 'दावत अल-अतिब्बा', म्हणजे वैद्यांची मेजवानी, नावाचं छोटं पुस्तक लिहिलं. एक तरुण वैद्य मय्याफारिकीन गावी येतो, आणि तिथला म्हातारा वैद्य त्याच्यापुढे रडगाणं गातो की गावातून रोगराई गेली, लोक ठणठणीत झाले, धंदा बसला. पुढे जेवणाच्या पानावर एकेक भोंदू वैद्य उघडा पडत जातो. हे लिहिणाऱ्या माणसाने साथी लांबून पाहिल्या नव्हत्या. १०५४ च्या सुमारास तो कॉन्स्टँटिनोपलला होता, आणि तिथल्या साथीत किती माणसं पुरली गेली याची नोंद त्याने स्वतः करून ठेवली आहे. ज्याने मुडदे मोजले त्यानेच वैद्यांची थट्टा केली. मला यात विसंगती दिसत नाही. मरण जवळून पाहिलेल्या माणसाला भोंदूपणाची चीड जास्त येते, आणि ती चीड कधीकधी विनोदाचं रूप घेते.

दोनशे वर्षांनी मोसुलहून कैरोला आलेला इब्न दानियाल हा डोळ्यांचा वैद्य. बाब अल-फुतूह या वेशीजवळ त्याचा दवाखाना होता, आणि तो बाहुल्यांच्या सावल्यांचे खेळ लिहायचा. सुलतान बैबर्सने शहरातली दारू, भांग आणि वेश्यावस्ती बंद करायचा हुकूम काढला तेव्हा इब्न दानियालने खेळाच्या आरंभीच सैतानावर शोकगीत लिहिलं. बिचाऱ्याचा रोजगार बुडाला, आता तो काय खाणार! शहर बंद होतं तेव्हा त्या बंदचं आधी गाणं होतं आणि मग खेळ. ही रीत सातशे वर्षांहून जुनी आहे.

अलेप्पोच्या इब्न अल-वर्दीची गोष्ट मात्र मला शांतपणे सांगता येत नाही. चौदाव्या शतकातली प्लेगची महासाथ पूर्वेकडून येताना त्याने पाहिली, आणि तिच्यावर यमकांनी नटलेल्या गद्यात एक निबंध लिहिला. त्यात प्लेग गावोगाव फिरणाऱ्या पाहुण्यासारखा येतो, आणि गावागावाच्या नावावर शब्दांचे खेळ रचलेले आहेत. १३४९ मध्ये त्याच साथीने तो अलेप्पोत वारला. शब्दांशी खेळत राहणारा हा माणूस भित्रा नव्हता की बेफिकीर नव्हता. समोर येणाऱ्या गोष्टीला नाव देत राहणं हीच त्याची तिच्यापुढे उभं राहण्याची रीत होती. या पुस्तकातली चित्रं चाळताना मला तो सारखा आठवत राहिला.

आधुनिक काळात घाईने येतो, कारण तिथली कथा बरीचशी परिचित आहे. १८७० च्या दशकाच्या अखेरीस कैरोत याकूब सनू या इजिप्शियन ज्यू नाटककाराने 'अबू नद्दारा', म्हणजे चष्मेवाला, हे व्यंगपत्र काढलं. त्याने इजिप्तचा शासक खेदीव इस्माईल याची अशी टर उडवली की १८७८ मध्ये त्याला पॅरिस गाठावं लागलं, आणि मग अंक चोरून इजिप्तमध्ये येऊ लागले. लंडनच्या 'पंच' या व्यंगसाप्ताहिकाचं वारं तेव्हा जगभर वाहत होतं. आपल्याकडे ठाण्याहून 'हिंदू पंच' निघायचा तो याच पिढीतला. १९२५ मध्ये फातिमा अल-यूसुफ या अभिनेत्रीने 'रोज अल-यूसुफ' हे नियतकालिक सुरू केलं. त्यात आर्मेनियन वंशाच्या सारूखान या व्यंगचित्रकाराने १९३० च्या दशकात 'अल-मसरी एफेंदी' हा ठेंगणा, चष्मा लावलेला, हातात जपमाळ धरलेला कारकून उभा केला. पुढे 'सबाह अल-खैर' हे साप्ताहिक आलं, आणि सलाह जाहीन यांच्यासारखा माणूस एकाच हाताने कविता लिहू आणि व्यंगचित्रं काढू लागला. पॅलेस्टिनी व्यंगचित्रकार नाजी अल-अलींचा हंदाला १९६९ मध्ये कुवेतच्या 'अल-सियासा'त जन्मला. दहा वर्षांचा अनवाणी निर्वासित मुलगा, आपल्याकडे पाठ करून उभा. नाजी अल-अलींना जुलै १९८७ मध्ये लंडनच्या रस्त्यात गोळी घातली गेली आणि ऑगस्टमध्ये ते गेले. हंदाला अजून भिंतीभिंतींवर उभा आहे. साथीच्या दिवसांत माझ्या मनात आलं की याला मास्क घातला तर चित्रात दिसणार काय? कानामागची दोरी, एवढंच.

आता प्रत्यक्ष २०२० चे विनोद.

अरब जगातला पहिला रुग्ण जानेवारीच्या शेवटी संयुक्त अरब अमिरातीत सापडला, आणि १४ फेब्रुवारीला इजिप्तने आफ्रिका खंडातल्या पहिल्या रुग्णाची घोषणा केली. इजिप्तच्या माणसाला 'कोरोना' हे नाव नवं नव्हतं. अलेक्झांड्रियातल्या जुन्या कारखान्याचं ते चॉकलेट. लहानपणी ज्याचा कागद चाटला ते नाव मृत्यूच्या बातमीत ऐकू येणं, यात विनोद करावा लागत नाही, तो होऊन बसतो. पण तिथली खरी आठवण जागी झाली ती कोफ्त्याची. फेब्रुवारी २०१४ मध्ये इजिप्तच्या लष्कराने एका पत्रकार परिषदेत जाहीर केलं होतं की एड्स आणि यकृतदाह बरा करणारं यंत्र आपण शोधलं आहे. त्या यंत्राच्या अधिकाऱ्याने सांगितलं की रुग्णाच्या अंगातला एड्स आपण काढतो आणि कोफ्त्याच्या रूपात त्यालाच खाऊ घालतो. लोकांनी तेव्हा पोट धरून हसून घेतलं. पण लाखो लोकांना यकृतदाह असलेल्या देशात किती घरांनी त्या यंत्राची खरोखर वाट पाहिली असेल, याचा विचार केला की ते हसू घशात अडकतं. सहा वर्षांनी जग लस शोधत असताना कोफ्त्याच्या सळ्या पुन्हा फोनाफोनांवर फिरू लागल्या. मी या विनोदाला वार्ताहराइतकं महत्त्व देतो. सरकार विसरलं होतं. विनोद विसरला नव्हता.

पश्चिमेत लोक टॉयलेट पेपरसाठी दुकानात मारामाऱ्या करत होते, तेव्हा घरोघरी 'शत्ताफ', म्हणजे पाण्याची नळी, असलेल्या अरबांना किती आनंद झाला हे सांगायला नको. मराठी वाचकाला इथे तळटीप लागणार नाही. पासपोर्टवरचे विनोद अधिक खोल जातात. व्हिसासाठी दूतावासांच्या दारात आयुष्य घालवलेल्या सीरियन माणसाने पाहिलं की आता अमेरिकन आणि फ्रेंच पासपोर्टही सीमेवरून परत पाठवले जात आहेत, आणि तो म्हणाला, या, बसा, आमच्या शेजारी जागा आहे. गाझाच्या लोकांनी साऱ्या जगाची विचारपूस केली: बंद दाराआड कसं वाटतंय? २००७ पासून नाकेबंदीत राहणाऱ्या वीस लाख लोकांना विलगीकरणाबद्दल बोलण्याचा अधिकार होता, आणि तो त्यांनी एका वाक्यात वापरला. मोठ्या भाषणांनी जे साधलं नसतं ते त्या एका विचारपुशीने साधलं, असं मी मनापासून मानतो.

गालाला गाल लावून अभिवादन करणारे लोक, आखातात नाकाला नाक लावणारे, चार जणांत एक हुक्का फिरवणारे कॅफे, लग्नातली हजारभर माणसं. हे सगळं बंद झाल्यावरचे विनोद शेकड्यांनी आहेत. ते गोड आहेत, पण त्यांत फार अडकून राहण्याचं कारण नाही. असे विनोद जगात सगळीकडे झाले.

भाषेचा मुद्दा मात्र थांबून पाहायला हवा. अरबीत लिहिण्याची भाषा एक आणि बोलण्याची दुसरी. 'फुसहा' म्हणजे प्रमाण अरबी, कुराणाच्या आणि बातम्यांच्या भाषेशी नातं सांगणारी. 'आम्मिय्या' म्हणजे घरची बोली, कैरोची वेगळी, बैरूतची वेगळी, कासाब्लांकाची तर इतरांना कळायलाही अवघड. साथीच्या काळात सरकार फुसहातून बोललं: 'अल-हज्र अस-सिह्ही' म्हणजे आरोग्य-विलगीकरण, 'हज्र अत-तजव्वुल' म्हणजे संचारबंदी. उच्चार आपल्या कानाला सारखे वाटतात, पण दोन्ही शब्द वेगळे आहेत आणि अरबी लिपीत वेगळे लिहिले जातात. पहिल्या 'हज्र'चा कायद्यातला जुना अर्थ असा: वेडसर किंवा उधळ्या माणसाला कोर्टाने आपली मालमत्ता सांभाळायला नालायक ठरवणं. म्हणजे 'तुमच्यावर हज्र आहे' याचा अर्थ घरी बसा असाही होतो आणि तुम्हाला अक्कल नाही असाही. सरकारी पत्रकात पहिला अर्थ लिहिला जायचा आणि लोकांना दुसरा ऐकू यायचा. उत्तर मग बोलीतून यायचं. सनूच्या काळापासून अरबी व्यंगचित्राच्या खालची ओळ बोलीत असते, कारण माणूस घाबरतो, चिडतो आणि हसतो ते बोलीतच. २०१३ मध्ये अम्मानमध्ये सुरू झालेल्या 'अल-हुदूद' या व्यंगवार्तांच्या संकेतस्थळाने उलटी वाट धरली. त्यांनी बातम्यांची फुसहाच जशीच्या तशी उचलली आणि तिच्यात खरं सांगितलं. खऱ्या बातमीत जे लपवलं जातं ते खोट्या बातमीत सरळ लिहिलं, की वाचक हसतो आणि हसताना दचकतो.

इजिप्तमध्ये विनोदी माणसाला 'दम्मु खफीफ' म्हणतात, त्याचं रक्त हलकं आहे. रटाळ माणसाचं रक्त जड. म्हणजे विनोद हा बुद्धीचा नाही, शरीराचा गुण. लोक आपल्या या गुणाचा अभिमान बाळगतात, आणि त्याची सत्तेला भीती वाटते हेही त्यांना माहीत आहे. १९६७ मध्ये इस्रायलकडून झालेल्या पराभवानंतर सैन्यावरचे विनोद इतके झाले की राष्ट्राध्यक्ष अब्देल नासर यांना ते थांबवा असं लोकांना जाहीरपणे सांगावं लागलं.

पण हलकं रक्त नेहमीच भलं नसतं, आणि या संग्रहात मी काही चित्रं घेतली नाहीत त्याचं कारण इथे सांगितलं पाहिजे. ६ एप्रिल २०२० पासून कुवेतने जलीब अल-शुयूख आणि महबूला हे दोन भाग पूर्ण बंद केले. तिथे एकेका खोलीत आठ-दहा परदेशी कामगार राहतात, त्यांत भारतीय हजारोंनी आहेत. माझा शेजारी महबूलातच होता. त्या दिवसांत आखातातल्या काही चित्रांत विषाणूला चेहरा दिला गेला तो आशियाई कामगाराचा. कुवेतच्या एका ज्येष्ठ अभिनेत्रीने फोनवरच्या मुलाखतीत परदेशी कामगारांना बाहेर काढा, वाळवंटात सोडा अशा अर्थाचं म्हटलं. पुढे तिने आपल्या बोलण्याचा विपर्यास झाला असं सांगितलं, पण ते बोलणं तोवर सगळीकडे पोचलं होतं. सौदी अरेबियात एका तेलकंपनीच्या इमारतीत कामगाराच्या अंगावर सॅनिटायझरची पेटी चढवून त्याला उभं केलं गेलं, त्याचे फोटो मार्चमध्ये फिरले आणि कंपनीला नाराजी व्यक्त करावी लागली. या सगळ्याला उत्तर देणारे विनोदही अरबांनीच केले, कुवेतींनीही केले, आणि ते मी आवर्जून घेतले आहेत. शेजाऱ्याने त्या महिन्यांत मला जे पाठवलं त्यात स्वतःच्या खोलीचा फोटो एकदाही नव्हता. विनोद मात्र रोज होता.

बायकांवरच्या विनोदांचंही तसंच. घरात अडकलेला नवरा आणि त्याला छळणारी बायको, हा साचा सगळ्या देशांत चालला. पण एप्रिल २०२० च्या आसपास ट्युनिशियाच्या महिलांविषयक खात्याच्या मंत्री सांगत होत्या की हिंसेच्या तक्रारी आदल्या वर्षीच्या त्याच दिवसांच्या तुलनेत पाच पट झाल्या आहेत. हे कळल्यावर लाटणं घेऊन उभ्या बायकोचं चित्र मला छापवेना. त्याऐवजी इजिप्तच्या दुआ अल-अदल आणि ट्युनिशियाच्या नादिया खियारी या व्यंगचित्रकारांच्या कामाकडे वाचकांनी जावं असं मी सुचवेन. खियारी चित्रकलेच्या शिक्षिका. जानेवारी २०११ मध्ये राष्ट्राध्यक्ष बेन अलीच्या शेवटच्या भाषणाच्या वेळी त्यांनी आपल्या मांजराचं चित्र काढलं आणि 'विलिस' हे मांजर ट्युनिशियाच्या क्रांतीचं बोलकं तोंड बनलं. दुआ अल-अदल यांनी बाईच्या शरीरावरच्या अत्याचाराला चित्रात अशी जागा दिली की हसू येताच मान खाली जाते.

हसण्याची किंमत पडली ती अशी. ट्युनिशियात मे २०२० मध्ये एका तरुणीने फेसबुकवर कुराणाच्या सूरेसारखा मांडलेला एक मजकूर पुढे पाठवला. त्यात विषाणूपासून जपा, हात धुवा असं होतं. तो तिने लिहिलेलाही नव्हता. जुलैमध्ये तिला सहा महिन्यांची कैद आणि दंड सुनावला गेला. ऑगस्टच्या अखेरीस जॉर्डनचे व्यंगचित्रकार इमाद हज्जाज यांना अटक झाली. 'अबू महजूब' या सामान्य जॉर्डनी माणसाचे हे जनक. निमित्त साथीचं नव्हतं, अमिराती आणि इस्रायल यांच्या करारावरचं एक चित्र होतं. काही दिवसांनी ते सुटले. सीरियाचे व्यंगचित्रकार अली फरजात यांचे हात ऑगस्ट २०११ मध्ये दमास्कसच्या रस्त्यावर मोडले गेले होते, हे त्या पिढीतला प्रत्येक चित्रकार जाणतो. हातच का मोडले हे कुणी विचारत नाही. मास्कखाली तोंड आणि पट्टीखाली हात, या दोन चित्रांच्या मध्ये हे पुस्तक आहे.

बैरूतच्या बंदराला लागून 'करंतीना', म्हणजे क्वारंटाइन, नावाची वस्ती आहे. १८३० च्या दशकात इजिप्तच्या इब्राहिम पाशाच्या कारकिर्दीत बाहेरून येणारी जहाजं तिथे अडकवून ठेवत, म्हणून हे नाव. १८६५ मध्ये हजच्या वाटेने पटकी मक्केतून इजिप्त आणि पुढे युरोपात पसरली, त्यानंतर असे अडसर लाल समुद्रातही आले. आपल्या मुंबईहून सुटणाऱ्या हजच्या जहाजांना एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून येमेनजवळच्या कमरान बेटावर थांबावं लागे. कोकणातल्या जुन्या हाजींच्या आठवणींत ते बेट असायचं. बैरूतच्या करंतीनात मात्र जहाजांनंतर निर्वासित राहायला आले: आर्मेनियन, कुर्द, पॅलेस्टिनी. जानेवारी १९७६ मध्ये तिथे कत्तल झाली. ४ ऑगस्ट २०२० रोजी शेजारच्या गोदामातलं २,७५० टन अमोनियम नायट्रेट फुटलं, दोनशेहून अधिक माणसं मेली, आणि करंतीनातलं सरकारी रुग्णालय उद्ध्वस्त झालं. चलन कोसळलेल्या, साथीने बंद पडलेल्या शहरावर हे आलं. त्या आठवड्यातली लेबनीज चित्रं मी तीनदा निवडली आणि तीनदा बाजूला काढली. शेवटी घेतली ती जवळजवळ सगळी शब्दांवाचून आहेत. तिथे बोलीही पुरली नाही.

भाषांतराबद्दल थोडं. बोलीतल्या ओळी मी शक्य तिथे बोली मराठीतच आणल्या, पण कैरोच्या माणसाला पुण्याचा किंवा मालवणचा केला नाही. तो कैरोचाच राहिला पाहिजे. स्थळांची, माणसांची नावं तशीच ठेवली. सर्वांत जास्त वेळ गेला तो 'किमामा' या एका शब्दावर. चित्रात डॉक्टर असेल तिथे मी 'मास्क' लिहिलं. पोलीस असेल तिथे 'मुसकं'. चौदा चित्रांत दोघेही आहेत, शेजारीशेजारी, कधीकधी एकाच गणवेशात. तिथे अरबी शब्द तसाच ठेवला आहे.